नंदा बिस्किट, चित्र क्रमांक सात

"हलू नका," कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याखालून त्र्यंबक आर्टिस्ट म्हणाले.

मी एका स्टुलावर पोटावर पालथी पडले होते. हात पुढं ताणलेले, पाय मागं ताणलेले, मान वर, आणि चेहऱ्यावर त्यांच्या सांगण्याप्रमाणे प्रसन्न भाव. मागच्या पडद्यावर राजवाडा होता आणि राजवाड्यापुढं तळं. बार्शीतल्या निम्म्या जोडप्यांचे लग्नाचे फोटो त्याच तळ्याकाठी निघालेले आहेत.

"मामा, मी खो-खो खेळते," मी मान न हलवता म्हणाले. "हलायचंच नाही तर खेळाडू कशी दिसणार?"

"खेळाडू मी दाखवतो. स्टूल नंतर पुसून टाकू. तुम्ही हवेत आहात असं वाटंल. आता श्वास धरा."

मी श्वास धरला. स्टुलाला तेवढा धीर नव्हता. त्याचा एक पाय आधीच लंगडा होता, तो दुमडला आणि मी डोक्यावर त्या तळ्यात गेले. पडद्याला माझ्या डोक्याएवढं भोक पडलं. रांगेत उभ्या असलेल्या बाकीच्या मुली हसून हसून भुईला टेकल्या, आणि त्यात सगळ्यात मोठ्यानं हसत होती माझी मैत्रीण छबू मिरगणे.

"माझं तळं!" मामा ओरडले. माझं डोकं शाबूत आहे का, हे कुणीही विचारलं नाही.

ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. मी एकोणीस वर्षांची होते आणि आमच्या अंबिका क्रीडा मंडळाच्या मुलींनी त्या वर्षी पहिल्यांदा जिल्ह्याची स्पर्धा जिंकली होती. पुढची राज्य स्पर्धा परभणीला होती. मंडळाकडं मैदान होतं, दोन खांब होते आणि खेळ शिकवायला उंबरे सर होते. परभणीला जायची ऐपत मात्र नव्हती. तेव्हा मोतीलालशेठ मदतीला धावले. शेठचा नंदा बिस्किटांचा कारखाना होता. बिस्किटं बरी होती, पण चहात बुडवली की वर येत नसत.

शेठचा भाचा अमेरिकेत शिकायला होता. त्यानं शेठना गंमत म्हणून पुठ्ठ्याचा एक तुकडा पाठवला होता, पत्त्यातल्या पानाएवढा. त्यावर टोपी घातलेला, हातात दांडकं धरलेला एक गोरा खेळाडू. तिकडं बेसबॉल म्हणून खेळ आहे, आणि च्युइंगमच्या पुड्यात खेळाडूंची अशी एकेक चित्रं घालतात म्हणे.

"पोरं चित्रासाठी पुडा घेतात," शेठ उंबरे सरांना सांगत होते. "कित्येक पोरं च्युइंगम फेकून देतात आणि चित्र ठेवतात. गिऱ्हाईक माल फेकून देतं आणि दुसऱ्या दिवशी परत घ्यायला येतं! सर, याला म्हणतात धंदा."

शेठच्या बिस्किटांना अशीच काहीतरी सोय हवी होती. क्रिकेटवाले मुंबईला, ते कशाला बार्शीच्या बिस्किटात बसतील? आम्ही हाताशी होतो. ठरलं असं, की आमच्या बारा जणींचे फोटो पुड्यांतून निघणार आणि परभणीला जाण्यायेण्याची गाडी शेठ करणार.

एवढं सोपं असतं तर काय हवं होतं! फोटोंना सगळ्यांच्या घरून विरोध झाला आणि सरांना शाळेच्या व्हरांड्यात पालकांची सभा बोलवावी लागली. त्या सभेत माझे वडील उठून उभे राहिले, याचंच मला नवल वाटलं. अण्णा बाजार समितीत तोलार होते. दिवसभर पोती काट्यावर घ्यायची आणि वजन ओरडून सांगायचं, हे त्यांचं काम. ओरडण्याचा सगळा साठा तिथंच संपत असावा, कारण घरी ते फारसं बोलत नसत. माझ्या खेळाला त्यांनी कधी ना म्हटलं नव्हतं आणि मैदानावर कधी पाऊलही टाकलं नव्हतं. खो-खो म्हणजे शाळेतल्या कवायतीसारखं काहीतरी असावं, अशी त्यांची समजूत होती.

"म्हंजे उद्या कुणीबी वाण्याच्या दुकानात जायचं," अण्णा म्हणाले, "पुडा फोडायचा, आन् आमच्या पोरीचे गुडघे बघायचे?"

आम्ही निळी हाफपँट आणि पांढरा शर्ट घालून खेळायचो.

"अहो काशीद," उंबरे सर समजावू लागले, "मैदानावर तर सगळे बघतातच की."

"मैदानावर ती पळत असती. पळत्या गुडघ्याकडं कोण बघतंय? फोटोतला गुडघा हलत न्हाई."

बाकीचे बाप माना डोलवायला लागले. परभणी माझ्या डोळ्यांसमोरून निघाली आणि मी रडायच्या बेतात असताना मागच्या बाकावरून त्र्यंबक आर्टिस्ट उठले.

त्र्यंबकमामांची खरी ख्याती जिवंत माणसांच्या फोटोंची नव्हती. गावात कुणी गेलं की घरचे त्याचा एखादा जुना, गर्दीतला, डोळे मिटलेला फोटो घेऊन मामांकडं जायचे. मामा त्याला मोठा करायचे आणि मग ब्रश घेऊन बसायचे. ते मेलेल्याचे डोळे उघडायचे, अंगात कोट घालायचे, डोक्याला फेटा बांधायचे. बायकांना शालू नेसवायचे, जन्मात न मिळालेले दागिने घालायचे. माझ्या आजोबांनी आयुष्यभर बंडी घातली. आमच्या भिंतीवर मात्र ते बॅरिस्टरासारखे बसलेले आहेत.

मामांनी शेठच्या हातातलं ते अमेरिकेचं चित्र घेतलं, खिशातलं भिंग काढलं आणि बराच वेळ त्यात डोळा घातला.

"ह्या गड्याची टोपी खोटी हाय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"रंगवलीय. ह्यो आधी दुसऱ्या संघात आसंल, फोटो त्या टोपीतला आसंल. मागनं ह्यानं संघ बदलला, मग त्यांच्या आर्टिस्टनं टोपीवर टोपी चढवलीय. कानापाशी ब्रश चुकलाय बघा." त्यांनी भिंग पालकांमध्ये फिरवायला दिलं. "आता अमेरिकेत टोपी चढवत्यात, तर बार्शीत साडी का चढवू नये? फोटो खेळाच्या कपड्यात काढू. वरनं मी अशी नेसवतो की आईनंसुद्धा विचारावं, कुठनं आणलीस म्हणून."

व्हरांड्यात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. अण्णांनीही मान हलवली. अमेरिकेनंच केलंय म्हटल्यावर कोण काय बोलणार?

तर अशा रीतीनं मी त्या स्टुलावर आले होते. तळं फुटल्यावर मी अडून बसले. म्हणाले, साडी नेसवा, शालू नेसवा, पण फोटो मैदानावरच काढायचा आणि मी पळत असतानाच काढायचा. स्टुलावर पालथं पडून मी बिस्किटाच्या पुड्यात जाणार नाही. मी तेव्हाही अशीच होते. पुढं सासरी मला फाटक्या तोंडाची म्हणाले, माहेरी हट्टी म्हणायचे. मामांना पडद्याला ठिगळ लावायचं होतं, त्यामुळं ते लवकर कबूल झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात मामा आपला लहान कॅमेरा घेऊन खांबापाशी उकिडवे बसले. आम्ही दोन संघ पाडले. छबू पळत होती आणि मी तिच्या मागं होते. खो-खो न पाहिलेल्यांना सांगते: पाठलाग करणारीला मधेच मागं फिरता येत नाही, खांबापर्यंत जावंच लागतं. पळणारीला मात्र कुठंही वळता येतं. त्यामुळं ती खांबाशी येऊन पलीकडं वळली की एकच उपाय उरतो. एका हातानं खांब धरायचा आणि अख्खं अंग पलीकडं फेकून द्यायचं. आम्ही त्याला सूर मारणं म्हणायचो. छबू त्या दिवशी खांबाशी आली, डावा खांदा दाखवून उजवीकडं वळली, आणि मी सूर मारला. कॅमेऱ्याचा खटका वाजलेला मला ऐकू आला, मग तोंडात माती आली.

संध्याकाळी मी स्टुडिओत गेले तेव्हा फोटो चिमट्याला टांगलेला होता, अजून ओला. मी बघतच राहिले. मी जमिनीवर नव्हते. डाव्या हातानं खांब धरलेला, उजवा हात बोटांच्या टोकांपर्यंत पुढं गेलेला, वेणी मागं उडालेली, तोंड उघडं, गुडघ्यावर गेल्या आठवड्याची खपली. आणि त्या बोटांच्या पुढं, अगदी कडेला, छबूची पाठ. मी स्वतःला आरशात फक्त उभी पाहिली होती. पळताना मी अशी दिसते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी मामांना वाकून नमस्कार केला.

"मामा, हा असाच छापा ना."

"असा कसा? शब्द दिलाय मी." मामांनी पोस्टर कलरच्या बाटल्यांची झाकणं उघडली. "बघा तुम्ही आता, कसा खुलवतो."

आणि त्यांनी खुलवला. महिन्याभरानं पुडे बाजारात आले. पहिला पुडा छबूनं आणि मी शाळेच्या पायरीवर बसून फोडला. आत मीच निघाले, चित्र क्रमांक सात: कु. इंदुमती काशीद. हिरवीगार नऊवारी, जरीचा काठ, नाकात नथ, वेणीत गजरा, कपाळावर ठसठशीत कुंकू. उघडं तोंड मिटवून मामांनी मला हसवलं होतं. नुसता खांब भुंडा दिसतो म्हणून त्यावर जाईचा वेल चढवला होता. पुढं गेलेला रिकामा हात त्यांच्या कलावंत मनाला पटला नसावा, कारण त्या हातात आरतीचं ताट होतं. निरांजनाची ज्योतसुद्धा पळण्याच्या वाऱ्यानं मागं झुकलेली होती. तेवढी एक गोष्ट मामांनी खेळातली ठेवली होती. आणि कडेला एक मोर होता.

छबूनं चित्र उलटसुलट करून पाहिलं. "मी कुठाय गं ह्यात?"

"तू मोर झालीस."

"काय?"

"पाठमोरी बाई बरी दिसत नाही म्हणे. शेपटी छान आलीय तुझी."

छबू माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, जसं काही मीच तिला पिसं लावली होती. तिचं स्वतःचं चित्र त्याहून भारी होतं. खो-खोत चौकोनात बसतात तशी ती बसली होती, पण पैठणी नेसून, बोटांत अंगठ्या घालून. हळदीकुंकवाला आलेली बाई वाण मिळायची वाट बघत बसते ना, अगदी तशी. उंबरे सरांनी बाराही चित्रं टेबलावर मांडली आणि बराच वेळ कपाळ चोळत राहिले.

शेठ मात्र खूश होते. पोरांनी चित्रांकडं ढुंकूनही पाहिलं नाही, पण बायकांनी पुडे उचलले. ज्या घरात कधी बिस्किट आलं नव्हतं त्या घरात नंदा बिस्किट जायला लागलं. माझ्या चित्राला तर फारच मागणी. सणगराच्या गल्लीतल्या एका आजींनी मला देवघरात अन्नपूर्णेशेजारी ठेवलं होतं आणि रोज एक फूल वाहत होत्या. त्यांनी मला रस्त्यात ओळखलं नाही, कारण मी तेव्हा सायकलवर होते.

शेठनी खुशीत येऊन मामांनी रंगवलेले मूळ मोठे फोटो चौकटीत बसवून ज्याच्या त्याच्या घरी पाठवले. काच ज्याची त्यानं बसवून घ्यावी, असा निरोप होता. आमच्याकडं काच बसली नाही, पण फोटो लागला, बॅरिस्टर आजोबांच्या शेजारी. अण्णा बाजारात निघताना चपला घालून झाल्या तरी क्षणभर त्यापुढं उभे राहायचे.

"साडी शोभती पोरीला," ते आईला म्हणायचे.

माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. मी त्या भिंतीकडं पाठ करून जेवायला लागले.

आणि मग वैरागहून गव्हाण्यांचा निरोप आला. मुलगा दिनकर, ग्रामसेवक. त्याच्या आईला बिस्किटाच्या पुड्यात माझं चित्र सापडलं होतं आणि ते घेऊन ती गावभर सांगत सुटली होती, "सून असावी तर अशी. हातात ताट आणि पायाला घाई!" बघायला ती मंडळी रविवारी येणार होती. पसंत पडलं तर शुक्रवारी साखरपुडा. परभणीची गाडी गुरुवारी निघणार होती.

"अण्णा, गुरुवारी आम्हाला स्पर्धेला निघायचंय," मी म्हणाले.

"राहू दे आता परभणी. खेळ काय जन्माला पुरतोय का?"

"पण त्यांनी जिला पसंत केलंय ती मी नाहीच! फोटो खोटा आहे."

"खोटा कसा? तोंड तुझंच हाय की."

"तोंडसुद्धा उघडं होतं, ते मामांनी मिटवलंय."

"बरं केलं," अण्णा म्हणाले आणि ताटावरून उठले. इतकं लांब बोलणं त्यांनी माझ्याशी वर्षात केलं नव्हतं.

मी आईपाशी रडले. आई म्हणाली, स्थळ चांगलं आहे. मी सरांपाशी रडले. सर म्हणाले, तुझ्याशिवाय खांबाशी कोण आहे आपल्याकडं, पण बापाच्या पुढं मी काय बोलू? छबूपाशी रडले तेव्हा ती म्हणाली, "निदान तुला बाई म्हणून मागणी आलीय." मोराचा राग अजून गेला नव्हता.

रविवारी गव्हाणे मंडळी आली. दिनकर, त्याची आई आणि त्याचे मामा. दिनकर सुरुवातीला नमस्कार म्हणाला आणि मग त्याचा आवाज काही ऐकू आला नाही. मला हिरवी साडी नेसवलेली होती. मी पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आले आणि गव्हाणेबाईंनी हात जोडले.

"अगं बाई! अगदी फोटोतल्यावाणी! फक्त निरांजन न्हाई!"

सगळे हसले. अण्णासुद्धा हसले, आणि मला वाटलं, झालं, आता आपण वैरागला ताट धरून उभ्या राहणार. मी खाली मान घालून बसले. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, हे विचारून झालं. दिनकर पोहे खात होता. बाई उठल्या आणि भिंतीवरच्या फोटोपाशी गेल्या.

"केवढा मोठा केलाय! हितं काठावर माशी बसली होती वाटतं, डाग पाडलाय मेलीनं."

त्यांनी पाण्याच्या तांब्यात पदराचं टोक बुडवलं आणि साडीच्या काठावरचा तो डाग पुसला. डाग गेला. त्याच्याबरोबर काठही गेला. बाईंना वाटलं धूळ आहे, त्यांनी आणखी जोर लावला. जरीचा काठ गेला, हिरवा रंग गेला, आणि मधोमध, खपलीसकट, माझा गुडघा बाहेर आला.

बाईंनी हिरवं झालेलं पदराचं टोक वर धरलं.

"हिची साडी फाटली," गव्हाणेबाई बारीक आवाजात म्हणाल्या.

दिनकरचे मामा उठून जवळ गेले. त्यांनी बोटानं हिरवा रंग खरवडला. आतून हाफपँटीची कड दिसली. "काय हो काशीद, हा काय प्रकार? वरनं नऊवारी आन् आत चड्डी? सरळ फसवणूक हाय ही. वर एक, आत एक!"

आईनं डोक्याला हात लावला. मी अण्णांकडं पाहिलं. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण अण्णा माझ्याकडं पाहतच नव्हते. ते दिनकरच्या मामांकडं पाहत होते आणि त्यांच्या मानेची शीर उडत होती. तीस वर्षं काट्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला काय वाटेल ते म्हणा, पण वर एक आणि आत एक असं म्हणू नका. वर चांगला दाणा आणि खाली मातेरं भरलेली पोती अण्णांनी भर बाजारात उपडी केलेली होती, मग ती कुणाचीही असोत.

"फडकं आण," ते आईला म्हणाले. "ओलं करून."

"अहो, पाहुणे—"

"आण म्हनलं ना. आता अर्धवट कशाला? समदं बघून जाऊ दे त्यांना. झाकून माल दिला असं कुणी म्हणायला नको."

मला पोत्यांच्या रांगेत बसवलं म्हणून खरं तर राग यायला हवा होता. पण अण्णांनी चौकट भिंतीवरून काढली, जमिनीवर ठेवली, धोतर आवरून पुढं बसले आणि पुसायला लागले, तेव्हा मी राग विसरून पुढं सरकले. आधी दुसरा गुडघा निघाला. मग निऱ्या गेल्या. खांबावरचा वेल सुकला आणि त्यातून माझी चार बोटं निघाली, खांबाला घट्ट धरलेली. गजरा गेला, वेणी उडाली. नथ गेली. मिटलेलं हसणं पुसलं गेलं आणि आतून माझं तोंड उघडलं.

अण्णांचा हात थोडा मंदावला. त्यांनी निरांजन पुसलं, मग ताट पुसलं. ताटाखालून पंजा आला, ताणलेला, टोकापर्यंत. अण्णांनी त्या पंज्याकडं पाहिलं आणि तो जिकडं निघाला होता तिकडं पाहिलं. तिकडं मोर होता.

त्यांनी मोर पुसायला घेतला. आधी शेपटी गेली आणि पांढरा शर्ट आला. मग मान गेली आणि दोन वेण्या आल्या.

"अगं आई गं!" गव्हाणेबाई मागं सरल्या. "मोरातनं बाई निघाली!"

"चला," दिनकरचे मामा टोपी घालत म्हणाले. "ह्या घरात अजून काय काय निघंल सांगता येत न्हाई."

"पोहे खाऊन जावा," अण्णा मान वर न करता म्हणाले.

दिनकर खातच होता. त्याच्या आईनं डोळे वटारले तरी त्यानं शेवटचा घास संपवला, मग उठला. दारातून जाताना त्यानं वाकून त्या फोटोकडं एकदा नीट पाहिलं, आणि त्याच्या मामांनी त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं. माझी आई त्यांच्या मागं अंगणापर्यंत गेली. आत मी आणि अण्णा उरलो.

अण्णांनी चौकट उचलून उजेडाकडं धरली, लांब केली, जवळ आणली. त्यांची बोटं हिरवी झाली होती.

"ही मिरगण्याची छबू न्हवं?"

"हो."

"आन् ह्यो तुझा हात."

"हो, अण्णा."

"मधी बोटभर अंतर हाय." त्यांनी नखानं ते अंतर दाखवलं. मग पहिल्यांदाच माझ्याकडं वर पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावर राग नव्हता, लहान पोराला असते तशी निकड होती. "इंदे, शिवलीस का हिला?"

हा फोटो इतक्या पुड्यांतून गेला होता, इतक्या घरांत लागला होता. साडीचा पोत विचारणाऱ्या बायका मला भेटल्या होत्या, नथ कुठली विचारणाऱ्या भेटल्या होत्या. हे कुणी विचारलं नव्हतं.

"शिवले," मी म्हणाले. "खांद्याच्या जरा खाली."

"बाद?"

"बाद."

अण्णांनी पुन्हा फोटोकडं पाहिलं आणि मान हलवली. मग फडकं मोरीत नेऊन पिळलं. हिरवं, सोनेरी, मोरपंखी पाणी वाहत गेलं.

"परभणीची गाडी गुरुवारी किती वाजता निघती?" त्यांनी विचारलं.

"सकाळी. शाळेपासून."

"मग रजा टाकावी लागंल," अण्णा म्हणाले. "सरांना विचार जा, एक जागा जास्तीची हाय का."